तांबटआळीचा ट्रेबल

हात एकच आत घालायचा, दुसरा खिशात.
दिगंबर तांबटांचा हा पहिला धडा.
स्विच बंद, पिन काढलेली, तरी कपॅसिटरमध्ये
साडेतीनशे व्होल्ट बसून असतात
झोपल्याचं सोंग घेतलेल्या बोक्यासारखे.

माझा अ‍ॅम्प देवळाली कॅम्पातला.
क्लबातला बँड मोडला तेव्हा
लॉरेन्स भिंगारदिवेनं विकला मला.
दोन जाड नळ्या, तीन बारीक,
एक बारा इंची स्पीकर, त्याच्या कागदाला
कुणीतरी फेविकॉलनं लावलेलं ठिगळ.
पैसे मोजून घेत म्हणाला,
बिघडतो. पण सांगून बिघडतो.

खरंच सांगायचा.
आधी किणकिणायचा, मग गुरगुरायचा,
मग एखाद्या रविवारी शरणपूरच्या चर्चमध्ये
ऐन दुसऱ्या कडव्याला
नळीतला पत्रा लालबुंद,
पाळकसाहेबांची नजर माझ्यावर.
सोमवारी मी त्याला मांडीवर घेऊन रिक्षात.

काका हंड्या-घागरींच्या दुकानामागे बसत.
आजा, बाप, चुलते, सगळे तांब्यावर ठोके घालणारे;
यांनी तांब्याची तार धरली.
जळका ट्रान्सफॉर्मर उसवून पुन्हा गुंडाळत,
वेढे मोजताना ओठ हलत
जुनी उधारी मोजल्यासारखे.
पेन्सिलनं नळीवर टकटक करत
आणि कान नाही, तळहात लावत पेटीला.
मला वाटायचं, ही उस्तादी.

सातपूरची पोरं यायची शिफ्ट सुटल्यावर:
काका, गेन वाढवा, मार्शलसारखा फाटला पाहिजे.
फाडायचंय तर कापडपेठेत जा, म्हणत.
जुन्या नळ्या जपून वापरा,
आपल्याकडे रात्री व्होल्टेज अडीचशेच्या वर जातं,
फ्यूजऐवजी चांदी लावणाऱ्याला मी दारात उभा करत नाही.

एक काम मात्र न विचारता करत.
व्हॉल्यूमच्या पॉटवर
करंगळीच्या नखाएवढा पिवळट कपॅसिटर.
डाग देऊन फुंकर मारत: आता उघडला.
उघडायचाच तो.
पहिली तार नव्या कळशीच्या काठावर
टिचकी मारल्यासारखी,
शेवटाला बाभळीचा एक काटा.
कॉलेज रोडचं गॅदरिंग असो, ओझरची हळद,
मांडवाबाहेरूनच कळायचं,
आत काकांच्या हातचा अ‍ॅम्प आहे.

पौषात गेले.
त्या रात्री मी निफाडहून परतत होते,
पारा पाचावर,
द्राक्षं गारठू नयेत म्हणून बागांत शेकोट्या,
वेलींच्या ओळींमधून लहान लहान नारिंगी उजेड.
काच धुरकट करून पाहिलं
तर सगळा तालुका मागचं झाकण काढून ठेवलेला.
मला अजून बातमी कळायची होती.

नंतर त्यांची सून रेणुका
नळ्यांचं खोकं द्यायला आली, सहज बोलली:
मामांना बारीक आवाज येतच नव्हते हो.
जन्म घणांशेजारी गेला.
कुकरची शिट्टी नाही, मोबाइल नाही,
चिमण्या तर कधीच नाही.

चिमण्या.

म्हणजे ते वाढवत न्यायचे,
वाढवत न्यायचे,
तळहाताला काही टोचेपर्यंत.
आणि आम्ही पंचवीस वर्षं
त्याला नाशिकचा टोन म्हणत आलो.

परवा पुण्याहून एक हुशार मुलगा आला, अमेय दांडेकर.
स्कोप लावला, पडद्यावरची रेघ पाहून हळहळला.
ताई, इथे एकशेवीसचा हवा,
कुणीतरी पाचशेचा घातलाय. चूक आहे ही.
दोन मिनिटांत काढतो.
सोल्डरिंग गन तापत होती.
नळ्याही तापत होत्या, त्यांना घाई नसते.

मी म्हटलं, आमच्याकडे एक हात खिशात ठेवायची पद्धत आहे.
हो, माहितेय, तो हसला.
तू दोन्ही ठेव, म्हटलं.